तेरा की अठरा?



मागच्या रविवारी नातवाने माझा मोबाइल घेतला आणि विचारलं, "आजी, जन्मसाल १९९० टाकू का?" मी "टाक" म्हणून मोकळी झाले. तो दहा वर्षांचा आहे. दुपारी मेथी निवडताना मनाला लागलं. सत्य अणुव्रतावरचं प्रवचन नेमाने ऐकणारी मी, आणि नातवाच्या पहिल्या खोट्याला होकार माझाच!

मग शोधत बसले, ही वयाची अट आली कुठून? आली अमेरिकेतून. तिथे १९९६ मध्ये मुलांपर्यंत अश्लील मजकूर जाऊ नये म्हणून कायदा झाला, पण त्यात मोठ्यांच्या बोलण्यावरही गदा येते म्हणून १९९७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं रद्द केली. १९९८ मध्ये दुसरा कायदा आला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी आईवडिलांची परवानगी घ्या, असा. परवानग्या घेत बसण्यापेक्षा बऱ्याच कंपन्यांनी सरळ लिहून टाकलं, तेराखालच्यांना प्रवेश नाही. मुलं जन्मसाल बदलायला शिकली. आपल्या गल्लीतली पोरंसुद्धा त्याच अमेरिकन आकड्यापायी वय वाढवतात.

आपल्याकडची गोष्ट इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचा माणूस होता. १९४१ मध्ये दरोड्याच्या आरोपात पकडला, पुरावा नाही म्हणून सुटला. तरी पोलिसांनी त्याचं नाव वहीत ठेवलं. घरावर पाळत, आणि रात्री-अपरात्री दारावर थाप. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला: रात्री घरात शिरणं चूक, पण खासगीपणा हा काही घटनेने दिलेला हक्क नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं, की खासगीपणाशिवाय व्यक्तीचं स्वातंत्र्य पुरं होत नाही. त्या घरातल्या बायकामुलांची झोप कशी होत असेल, हे निकालपत्रात कोण लिहिणार?

१५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा आला. मी वाणिज्य शाखेची, म्हणून सांगते, तो मुळात व्यापाराचा कायदा. संगणकावरची नोंद आणि सही कागदाइतकीच ग्राह्य धरावी, हा त्याचा गाभा. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात, डिसेंबर २००८ मध्ये, फारशी चर्चा न होता त्यात दुरुस्ती झाली आणि ६६अ हे कलम आलं. 'त्रासदायक' मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रासदायक म्हणजे काय, ते काही नीट सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुण मुलीने बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या 'लाईक' केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. आपल्या लेकींच्या वयाच्या मुली हो! तेव्हा श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. मुलांना सांभाळायचं म्हणून सरकारच्या हाती कितीही मोठी काठी द्यावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी पालघर आठवावं, असं माझं मत आहे.

खासगीपणाचा हक्क मिळायला २०१७ उजाडलं. ऐंशी ओलांडलेले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आधारच्या विरोधात २०१२ मध्येच न्यायालयात गेले होते. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खरक सिंगच्या निकालातलं ते वाक्य पंचावन्न वर्षांनी पुसलं गेलं.

त्यातूनच २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा निघाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांना तयारीला अठरा महिने दिले आहेत. यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं. त्याची माहिती वापरायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई.

वाचायला छान आहे. पण आमच्या घरात संमतीचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो आणि तो वाचतो नातूच! सतरा वर्षांच्या मुलीला आणि सात वर्षांच्या मुलाला एकाच मापाने मोजणंही मला पटत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला आईलाही न विचारता येणारे प्रश्न पडतात.

संध्याकाळी सुनेला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. दोघींनी मिळून ते खातं बंद केलं, नातू रात्री जेवला नाही. मग सून हळूच म्हणाली, "आई, फॅमिली ग्रुपवर त्याचे गणवेशातले फोटो तुम्हीच टाकता ना? शाळेचं नाव दिसतं त्यात." सत्तावीस फोटो निघाले. ते कसे काढायचे, हे आता नातूच मला शिकवतो आहे, अजून थोडा फुगलेलाच.