नेपोलियनच्या कोशातला शब्द

आपल्या पुष्कळ शाळांच्या भिंतींवर एक सुविचार दिसतो: 'अशक्य हा शब्द माझ्या कोशात नाही – नेपोलियन.' वाचून छाती फुगते खरी. पण इतिहासाच्या कसोटीला तो उतरतो का?

जुलै १८१३ मध्ये मॅग्डेबर्गचा किल्ला सांभाळणाऱ्या लमार्वा या सेनापतीनं 'हे शक्य नाही' असं कळवलं. नेपोलियननं उलट लिहिलं, की असलं बोलणं फ्रेंच भाषेत बसत नाही. त्या पत्रात शब्दकोश नाही. हाताखालच्या माणसाला दिलेली ताकीद आहे.

१८०० साली त्यानं बर्फातून आल्प्स पर्वत ओलांडला. तोफा पोखरलेल्या खोडांत बसवून माणसांनी ओढल्या. तिथं जिद्दीला युक्तीची आणि तयारीची जोड होती. १८१२ साली मात्र चार लाखांहून अधिक फौज घेऊन तो रशियात शिरला. अंतराचा, धान्याचा, घोड्यांच्या वैरणीचा हिशेब चुकला. मॉस्को हाती आलं, पण भूक, थंडी आणि रोगराई यांनी फौज खाल्ली. ते पत्र या संहारानंतरचं! पुढं तीनच महिन्यांत लाइपझिगला पराभव झाला आणि एप्रिल १८१४ मध्ये गादी सुटली.

शेतकरी पेरणीआधी बियाणं बघतो, ओल बघतो. नुसत्या हिमतीवर पेरत नाही. म्हणून गुरुजी, सुविचार पुसू नका. त्याखाली १८०० आणि १८१२ ही दोन सालं लिहा. नापास झालेल्या पोराला 'अशक्य काही नाही' एवढंच सांगितलं, तर सारा दोष त्याच्याच माथी बसतो. 'काय कमी पडलं ते बघू' म्हटलं, तर ते पुन्हा पाटी हाती धरतं.