हात, डोळे आणि विज्ञान : मायकेल फॅरडेच्या निमित्ताने

शाळेत विज्ञान कसे शिकवावे हा विषय शिक्षकांचा. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे एवढेच की, प्रयोगशाळा हीसुद्धा काम करण्याची जागा आहे. तेथे विस्तव आहे, काच आहे, आम्ल आहे आणि ते हाताळणारे हात बारा-चौदा वर्षांच्या मुलांचे आहेत. यंत्रावर हात कसा जपावा हे कामगार सोसून शिकले. शास्त्रज्ञही तसेच शिकले, आणि त्यांच्यापैकी एकाने ते शिक्षण नीट लिहून ठेवले. हा गृहस्थ कोणा विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. तो लंडनजवळच्या एका लोहाराचा मुलगा होता आणि पुस्तकबांधणीच्या धंद्यात त्याने सात वर्षे उमेदवारी केली होती. त्याचे नाव मायकेल फॅरडे.

फॅरडेचा जन्म १७९१ सालचा. रीबो नावाच्या मालकाच्या दुकानात बांधणीसाठी येणारी पुस्तके तो नुसती शिवीत नसे, वाचीतही असे. जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक त्याला तेथेच सापडले. वाचलेले खरे की काय हे पाहण्यासाठी खिशाला परवडतील तेवढे छोटे प्रयोग तो करी. १८१२ साली त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकण्यास मिळाली. त्याने त्यांची टिपणे काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवून दिली.

त्या सुमारास एका नव्या पदार्थाने रसायनशास्त्रज्ञांत धास्ती पसरवली होती. नायट्रोजन ट्रायक्लोराइड हे तेलासारखे द्रव्य फ्रान्समध्ये द्यूलाँग याने १८११ साली शोधले, आणि त्यापायी त्याचा एक डोळा गेला, हाताचीही हानी झाली. १८१२ च्या ऑक्टोबरात त्याच द्रव्याच्या स्फोटाने डेव्हींच्या डोळ्यांना इजा झाली. लिहिता येईना, म्हणून लेखनिक हवा होता. काही दिवस ते काम फॅरडेने केले. पुढे प्रयोगशाळेतील मदतनिसाने मारामारी केली, त्याला काढून टाकले आणि १ मार्च १८१३ रोजी त्याच्या जागी फॅरडे लागला. नोकऱ्या अशाही मिळतात!

कामावर लागून सहा आठवडेही झाले नव्हते. एप्रिलमध्ये त्याने मित्राला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्याच द्रव्याचे सुमारे अर्धा ग्रॅम घेतलेली काचनळी तो चिमटीत धरून होता आणि तोंड नळीपासून फूटभर अंतरावर होते. नळीच्या बाहेरच्या अंगाला, द्रव्यापासून अर्धा इंच दूर, लाखेसारख्या पदार्थाचा कोमट तुकडा लागला. तेवढ्या उष्णतेने स्फोट झाला. मूठ उघडली गेली, नखाचा तुकडा उडाला. काचेच्या कपच्यांनी मुखवट्याची काच कापली. चेहऱ्यावर तो काचेचा मुखवटा नसता तर पुढचा फॅरडे जगाला दिसला नसता, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट १८२३ सालची. बंद नळीत क्लोरीनचे स्फटिक तापवले असता आत तेलकट थेंब जमले. भेटीस आलेल्या डॉक्टर पॅरिस यांनी ते पाहिले आणि घाणेरड्या नळ्या वापरतोस म्हणून फॅरडेला हटकले. नळीचे टोक कानशीने कापताच ती फुटली आणि तेल नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी फॅरडेने त्यांना चिठ्ठी पाठवली की, ते तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन आहे. या कथेत लोक फॅरडेचा विजय पाहतात. मला डॉक्टरांचा प्रश्नही रास्त वाटतो. नळी स्वच्छ होती याची स्वतः फॅरडेला खात्री होती, म्हणूनच तो थेंब शोध ठरला. एरवी तो मळ म्हणूनच पुसला गेला असता. त्याच महिन्यात दुसरी एक नळी फुटून काचा खिडकीतून आरपार गेल्या आणि त्याच्या डोळ्यांत काचेचे कण भरले. सुदैवाने दृष्टी वाचली.

१८२७ साली त्याने ‘केमिकल मॅनिप्युलेशन’ हा ग्रंथ छापला. आपण त्याला ‘रासायनिक हातकाम’ म्हणू. नवे सिद्धान्त सांगण्यासाठी हा ग्रंथ लिहिलेला नाही. तोलावे कसे, मापावे कसे, तापवावे, विरघळवावे, गाळावे कसे, काचनळी वाकवावी कशी, याचे ते विवेचन आहे. स्वच्छतेला स्वतंत्र प्रकरण आहे. नवशिक्या प्रयोगकर्त्यांसाठी नियम आहेत, आणि हात बसावा म्हणून क्रमवार अभ्यासही दिले आहेत. त्या काळी ही विद्या उस्तादाजवळ राहूनच मिळे. कारागिराचे हे गुपित छापून कोणाच्याही हाती देण्याचे काम एका कारागिरानेच केले, याचे मला अप्रूप वाटते.

बिनचूकपणा आणि सुरक्षितता हे मुळात दोन विषय नाहीत. परीक्षानळी एकाच जागी तापवली तर तळाशी वाफ होऊन द्रव उसळतो. त्यात शेजारचा मुलगा भाजतो आणि मोजून घेतलेले द्रवही वाया जाते. गंधकाम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात हळूहळू सोडावयाचे, पाणी आम्लात ओतावयाचे नाही. मिसळताना मोठी उष्णता निघते. भरपूर पाणी ती पोटात घेते, पण आम्लावर पडलेले थोडे पाणी उकळून आम्लासकट उडते. हे कारण ज्या मुलाला समजले, त्याला तो नियम पाठ करावा लागत नाही. भिंतीवर नियमांचा कागद डकवून मोकळे होणाऱ्या शाळा मुलांना ना विज्ञान देतात, ना सुरक्षितता.

आता एका खाणीत चला. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात हॅसवेल येथे २८ सप्टेंबर १८४४ रोजी कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे व मुले मेली. खाणकामगारांचे वकील रॉबर्ट्स यांनी सरकारकडे धरणे धरले की, चौकशीला शास्त्रज्ञ पाठवा. सरकारने फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ लायल यांना पाठवले. खाणीत उतरल्यावर फॅरडेने विचारले, हवेचा वेग कसा मोजता? तेथील निरीक्षकाने चिमूटभर बंदुकीची दारू घेतली, मेणबत्तीच्या ज्योतीवर सोडली, आणि धूर ठरावीक अंतर किती वेळात जातो ते सोबत्याने घड्याळावर पाहिले. मापन ठीक आहे, असे फॅरडेने मान्य केले. पण दारू हाताळण्याची ती ढिलाई पाहून त्याने विचारले, ही ठेवता कुठे? पिशवीत, तोंड घट्ट बांधून. आणि पिशवी? साहेब, आपण तिच्यावरच बसला आहात! बसावयास मऊ म्हणून पाहुण्याला तीच दिली होती. लायलने सांगितलेली ही हकीकत ऐकून हसू येते, मग येत नाही. त्या माणसांना मोजण्याचे कौशल्य पुरते होते; हातातल्या वस्तूचा धर्म कोणी शिकवला नव्हता.

पंचांनी निकाल दिला, अपघाती मृत्यू. कामगार चळवळीतल्या माणसाला हे शब्द फार ओळखीचे आहेत. फॅरडे-लायल अहवालाने मात्र दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागेत साचणारा वायू नळाने ओढून काढावा ही एक. उडणारी कोळशाची भुकटीही पेट घेऊन स्फोट वाढवते ही दुसरी. पहिली सूचना मालकांच्या समितीने अव्यवहार्य ठरवली. दुसरीकडे कित्येक दशके पुरेसे लक्ष गेले नाही. फ्रान्समध्ये कूरियेर येथे १० मार्च १९०६ रोजी भुकटीच्याच स्फोटात १०९९ जीव गेले.

फॅरडे १८२७ ते १८६० या काळात नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देत असे. मेणबत्तीवरची व्याख्याने तर जगप्रसिद्ध आहेत. १८६२ साली इंग्लंडमधील बड्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे त्याने साक्ष दिली आणि शाळांत निसर्गविज्ञानाला जागाच नाही याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. पुढे हेन्री आर्मस्ट्राँग या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ पासून आग्रह धरला की, मुलाने स्वतः तोलावे, स्वतः शोधावे. लोखंड गंजले तर त्याचे वजन वाढते की घटते? पुस्तकात पाहू नका, तराजूवर ठेवा! यावर आक्षेप आला तो वेळेचा, खर्चाचा आणि मोठ्या वर्गांचा.

हे आक्षेप खोटे नव्हते. आपल्याकडे साठ मुलांभोवती एक टेबल आणि शिक्षक एकटा असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण आपल्यापैकी पुष्कळजण पालक आहेत, काही शाळांच्या समित्यांवर आहेत. पुढच्या बैठकीत प्रयोगशाळेचा हिशेब निघेल तेव्हा काही प्रश्न विचारा. डोळ्यांवर लावावयाचे चष्मे किती आहेत? डोळ्यांत काही उडाले तर धुण्यासाठी वाहते पाणी जवळ आहे काय? वाळूची बादली भरलेली आहे काय? आणि गेल्या वर्षात किती मुलांनी स्वतःच्या हाताने तराजू धरला?