चंद्राचे खोटे रंग आणि खरी खनिजे

निळा-गुलाबी चंद्र पडद्यावर दाखवला की वर्गातून प्रश्न येतोच, "सर, चंद्र खरंच असा दिसतो?" डोळ्यांना नाही दिसत. मग अशा वर्धित-रंग चित्रांवर शास्त्रज्ञ विश्वास का ठेवू लागले, ते या टिपणात पाहू.

१९१० मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अतिनील प्रकाशात चंद्राची छायाचित्रे घेतली. अरिस्टार्कस विवराजवळचा एक डाग त्यांत गडद उमटला. तिथे गंधक असावे, असा त्याचा कयास होता. फरक खरा होता, पण अर्थ पडताळायला हातात दगड नव्हता.

दगड १९६९ मध्ये आले. अपोलो ११ ने शांतिसागरातून आणलेल्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम भरपूर निघाले; अपोलो १२ च्या नमुन्यांत बरेच कमी. शांतिसागर मोजमापात निळसर भरत होताच. रंग आणि रसायन यांची सांगड अशी बसली.

७ डिसेंबर १९९२ रोजी गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाने चंद्राच्या प्रतिमा घेतल्या. तीन फिल्टरमधील ५३ प्रतिमा जोडून केलेल्या चित्रात उंच प्रदेश गुलाबी, तर शांतिसागर गडद निळा आहे. १९९४ मध्ये क्लेमेंटाइन यानाने बहुतेक सगळा चंद्र टिपला. कृती सोपी आहे: एकाच जागेच्या ४१५ नॅनोमीटरच्या तेजाला ७५० नॅनोमीटरच्या तेजाने भागायचे. उतारावरची छाया दोन्हींत जवळपास सारखी, म्हणून ती भागाकारात निघून जाते. उरतो रंगाचा फरक. लोहयुक्त खनिजांसाठी ७५० आणि ९५० ची तुलना करतात.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ निघाले. त्याची माहिती आम्हा म्हैसूरकरांच्या शेजारी, बंगळूरजवळच्या ब्यालालू येथील ३२ मीटर व्यासाच्या अँटेनावर उतरत असे. यानावरचे भारतीय 'हायसी' उपकरण ४२१ ते ९६४ नॅनोमीटरमधील ६४ पट्ट्यांत पाही. नासाचे 'एम-थ्री' ३००० पर्यंत. २९ ऑगस्ट २००९ रोजी संपर्क तुटला. पुढच्याच महिन्यात एम-थ्रीच्या माहितीत ३००० नॅनोमीटरच्या आसपास हायड्रॉक्सिल व पाण्याचे शोषण आढळल्याचे जाहीर झाले. हायसीच्या पल्ल्यात ही खूण बसतच नव्हती. म्हणून चित्रातील रंग वाचण्याआधी कोणत्या रंगाला कोणती तरंगलांबी दिली आहे, ते पाहावे.

स्वाध्याय: केवळ हायसीची माहिती हाती असती, तर 'चंद्रावर पाणी नाही' असा निष्कर्ष काढता आला असता का? कारण द्या.