प्रस्तावना : चार चाकांची सरासरी

शेलूहून निघून कर्जत मागे टाकले की पुढे खोपोली आणि बोरघाट. भर पावसात त्या उतारावर कुणी करकचून ब्रेक दाबला, तर चाके जाम होऊन गाडी घसरू नये हे एबीएस पाहते. चाक थांबायच्या बेतात आले की ब्रेकचा दाब सोडायचा, लगेच पुन्हा द्यायचा, असे सेकंदात अनेकदा. दाब कधी सोडायचा हे सॉफ्टवेअर ठरवते. त्यातले एकेक फंक्शन सुटे काढून संगणकाकरवी तपासून घ्यायचे, ही या पुस्तकातली विद्या. सी भाषा जुजबी येत असली तरी पुरे.

चार चाकांच्या वेगांची सरासरी काढणारे फंक्शन घ्या. ताशी १०० किलोमीटरचा वेग त्यात १०,००० असा साठवलेला आहे. चारांची बेरीज ४०,०००, भागिले चार, उत्तर बरोबर. ओळ एकच होती, ती चालली. कव्हरेज १०० टक्के! आता वेग १७० द्या. द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० ची आहे हे खरे, पण नियम पाळणाऱ्यांपुरतेच सॉफ्टवेअर लिहून कसे चालेल? बेरीज ६८,००० होते. १६ बिटांत मावतात जास्तीत जास्त ६५,५३५. म्हणून हाती उरतात २,४६४, आणि सरासरी येते ताशी ६.१६ किलोमीटर. हीच टेस्ट लॅपटॉपवर मात्र बिनबोभाट पास होते, कारण तिथे बेरीज ३२ बिटांत होते. चूक दिसते ती १६-बिट मायक्रोकंट्रोलरवर.

मोटारींच्या सॉफ्टवेअरसाठी २०११ साली आलेले आणि २०१८ मध्ये सुधारलेले आयएसओ २६२६२ हे मानक म्हणूनच सांगते, की टेस्टचे वातावरण प्रत्यक्ष हार्डवेअरच्या शक्य तितके जवळचे हवे. पुण्या-हिंजवडीत हे काम करणाऱ्यांच्या बोलण्यात एएसआयएल हा शब्द सतत येतो. ए ते डी अशा या जोखमीच्या पायऱ्या. डी सर्वांत वरची.

टेस्ट केस तयार करणारी टूल्सही आहेत. वेळ वाचवतात, पण माझा त्यांच्यावर अर्धाच विश्वास. अपेक्षित उत्तरही त्यांनी कोडमधूनच उचलले, तर ६.१६ हेच बरोबर ठरेल. ते रिक्वायरमेंट वाचून माणसानेच लिहायचे. टेस्ट हजार वेळा चालवायची हमाली यंत्राने खुशाल करावी.

पहिल्या प्रकरणात हेच फंक्शन आहे. कंपायलर तेवढा बसवून ठेवा.