दहावीनंतर शिकाऊ उमेदवारी : अर्ज कुठे आणि कसा?

प्रतिनिधी, अंबरनाथ

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशासाठी धावपळ सुरू होते. मात्र ज्या मुलांचा ओढा पुस्तकांपेक्षा यंत्रांकडे आहे, त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ अन्वये अप्रेंटिसशिपचा मार्ग उपलब्ध आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या औद्योगिक पट्ट्यातील पालकांनी त्याची पद्धत समजून घेणे हिताचे ठरेल.

वयाची अट

उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे असावे लागते. धोकादायक उद्योगांतील व्यवसायांसाठी २०१४च्या दुरुस्तीने ही मर्यादा १८ वर्षे केली. अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने असल्याने सोळा वर्षांच्या मुलाला तेथे लगेच संधी मिळेलच असे नाही. अशा वेळी आधी आयटीआय पूर्ण करणे श्रेयस्कर. फिटर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा आहे. अंबरनाथ व उल्हासनगर येथे शासकीय आयटीआय आहेत.

संधी कुठे?

तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याहून लहान कारखान्यांना ते ऐच्छिक आहे. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी २०२१पासून यंत्र इंडिया लिमिटेडच्या अखत्यारीत आहे. या कंपनीच्या २०२४च्या भरतीत आयटीआय न केलेल्या दहावी उत्तीर्णांसाठीही जागा होत्या. त्यासाठी एकूण ५० टक्के आणि गणित व विज्ञानात प्रत्येकी ४० टक्के गुणांची अट होती. मध्य रेल्वेच्या कल्याण, कुर्ला, माटुंगा व परळ येथील शेड आणि कार्यशाळांसाठी दहावीसोबत आयटीआय आवश्यक असते. तेथे लेखी परीक्षा नसून गुणांवर निवड होते.

अर्ज व करार

केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी निःशुल्क आहे. रेल्वे व यंत्र इंडियाच्या जाहिरातींसाठी त्यांच्या संकेतस्थळावर स्वतंत्र अर्ज करावा लागतो. आधार कार्ड, गुणपत्रिका आणि बँक पासबुक यांवरील नाव व जन्मतारीख जुळते का, हे आधीच तपासावे. निवड झाल्यावर करार होतो. उमेदवार अज्ञान असल्यास त्यावर पालकाची स्वाक्षरी लागते. कराराची पोर्टलवर नोंदणी झाल्याची खात्री करावी. नोंदणी नसेल, तर मुलगा कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार ठरत नाही आणि प्रमाणपत्रालाही मुकतो.

विद्यावेतन आणि पुढे

२०१९च्या नियमांनी दहावी उत्तीर्णांना दरमहा किमान सहा हजार, तर आयटीआय उत्तीर्णांना सात हजार रुपये विद्यावेतन ठरविले. अर्ज करताना लागू दर पाहून घ्यावा. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नसते. मात्र परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. जागा मिळवून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांपासून सावध राहावे. शंका असल्यास जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करावी.