घरी दागिने बनवून प्रदर्शनात स्टॉल लावायचाय? पैसे भरण्याआधी हे वाचा

खणाचे कानातले, मोत्यांची नथ, टेराकोटाचे हार, रेझिनची पेंडंट. इन्स्टाग्राम उघडलं की हाताने बनवलेले दागिने विकणारी चार पेजेस तरी दिसतातच. यातले अनेक जण घरातल्या एका टेबलावर काम करतात आणि दिवाळी, संक्रांत किंवा लग्नसराईच्या आधी एखाद्या प्रदर्शनात स्टॉल घेतात.

स्टॉलवर गर्दी होते, माल संपतो, कौतुकही होतं. पण घरी येऊन हिशोब केला की हातात फारसं काही उरलेलं नसतं. असं का होतं? आणि हे टाळायचं असेल तर घरातली कामाची जागा, दागिन्याची किंमत आणि स्टॉल यांची तयारी कशी करायची? एकेक मुद्दा समजून घेऊ.

कामाची जागा किती लागते?

सुरुवातीला वेगळी खोली लागत नाही. साधारण ३ फूट बाय २ फुटांचं टेबल पुरतं. पण ते टेबल फक्त या कामासाठी असावं. रोज जेवणाच्या टेबलावरून सगळं आवरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचं, यात रोजचा अर्धा तास सहज जातो.

टेबल खिडकीजवळ ठेवा. उजव्या हाताने काम करत असाल तर उजेड डावीकडून यायला हवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. रात्रीसाठी मान वळवता येणारा पांढऱ्या उजेडाचा दिवा घ्या. पिवळ्या उजेडात मोत्यांच्या आणि धाग्यांच्या छटांमधला फरक कळत नाही.

मणी घरंगळू नयेत म्हणून स्टीलच्या ताटात जुना टॉवेल अंथरून त्यावर काम करा. सुटे मणी ठेवायला मसाल्याचा डबा किंवा कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा चालतो. प्रत्येक कप्प्यावर मण्याचा आकार, कुठून घेतला आणि किती रुपयांना, हे लिहून ठेवा. पुढे किंमत काढताना हीच नोंद कामी येते.

कोणती हत्यारं आधी घ्यावीत?

गोल टोकाची पक्कड, चपट्या टोकाची पक्कड, तार कापायचं कटर, बारीक कात्री, मोजपट्टी आणि चांगला गोंद. तारेच्या आणि मण्यांच्या कामाला एवढं पुरेसं आहे. तार घेताना गेज पाहा. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. २२ गेजची तार साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीची असते.

कच्चा माल पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळीत, मुंबईत भुलेश्वर भागात घाऊक भावात मिळतो. पहिल्याच फेरीत सगळ्या रंगांचे मणी घेऊ नका. न वापरलेला माल म्हणजे डब्यात अडकलेले पैसे.

सुरक्षेचं काय?

रेझिन वापरत असाल तर हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि हे काम स्वयंपाकघरात करू नका. न सुकलेलं रेझिन वारंवार त्वचेला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते. डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम असेल तर शिसं नसलेली तार घ्या. घरात लहान मूल असेल तर मणी आणि छोटी लोहचुंबकं झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा.

ग्राहकाच्या त्वचेचाही विचार करा. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांत ‘जर्मन सिल्व्हर’ हे नाव खूप चालतं, पण त्यात चांदी नसते. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. निकेलने अनेकांच्या कानाला खाज येते. त्यामुळे दागिना कशाचा आहे हे टॅगवर स्पष्ट लिहा.

किंमत कशी ठरवायची?

बहुतेकांची चूक इथे होते. सामानाचा खर्च धरला जातो, स्वतःचा वेळ धरला जात नाही.

समजा, एका नथीला ६० रुपयांचं सामान लागतं. बनवायला ४५ मिनिटं लागतात. तुमच्या एका तासाची मजुरी १०० रुपये धरली तर ७५ रुपये झाले. डबी आणि टॅगचे १० रुपये. म्हणजे नथ तुम्हाला १४५ रुपयांना पडली. ती ३०० रुपयांना विकली तर उरले १५५ रुपये. स्टॉलचा सगळा खर्च या १५५ रुपयांमधून निघायला हवा.

स्टॉल परवडतो का, हे कसं कळणार?

आता समजा, दोन दिवसांच्या स्टॉलचं भाडं ६,००० रुपये आहे. जाणं-येणं आणि जेवण १,५०० रुपये. बॅनर आणि किरकोळ खर्च ५०० रुपये. एकूण ८,००० रुपये. याला १५५ ने भागा. उत्तर येतं साधारण ५२.

म्हणजे ५२ नथी विकल्या की स्टॉलचा खर्च निघतो. प्रदर्शन रोज १० तास चालणार असेल तर दर २३ मिनिटांना एक नथ विकली गेली पाहिजे. आणि या ५२ नथी बनवायला आधी ३९ तास लागणार आहेत.

मजुरी धरलीच नाही तर हाच आकडा ३५ नथींवर येतो. म्हणून ३६वी नथ विकली की नफा सुरू झाला असं वाटतं. प्रत्यक्षात तोवर २६ तासांहून जास्त काम फुकट झालेलं असतं. स्टॉलवर उभं राहण्याचे २० तास तर आपण अजून धरलेच नाहीत. तेही त्याच दराने धरले तर ६५ नथी विकाव्या लागतील.

आकडा फार मोठा वाटतोय? मग मैत्रिणीबरोबर अर्धा-अर्धा स्टॉल घ्या. भाडं ३,००० रुपयांवर आलं तर स्टॉलवरचे तास न धरता ३३ नथींमध्ये खर्च निघतो. तुमचे स्वतःचे आकडे टाकून हा हिशोब भाडं भरण्याआधी करा.

आयोजकांना काय विचारायचं?

जागा किती फुटांची? टेबल-खुर्च्या किती? लाइटचा पॉइंट मिळणार का? वर छत आहे का? दागिन्यांचे आणखी किती स्टॉल आहेत? भाड्याशिवाय विक्रीवर कमिशन आहे का? प्रदर्शन रद्द झालं तर पैसे परत मिळणार का? उत्तरं फोनवर न घेता मेसेजवर लेखी घ्या.

पहिल्यांदाच स्टॉल लावत असाल तर सोसायटीतलं किंवा महिला मंडळाचं छोटं प्रदर्शन बरं. पुण्याची भीमथडी जत्रा किंवा मुंबईचा काळा घोडा महोत्सव आधी ग्राहक म्हणून फिरून पाहा. बचत गटात असाल तर ‘उमेद’ अभियानाच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांची चौकशी करा.

स्टॉल मांडायचा कसा?

घरी जमिनीवर चिकटपट्टीने टेबलाचा आकार आखा आणि एकदा पूर्ण मांडणी करून फोटो काढा. प्रदर्शनाच्या दिवशी हाच फोटो बघून पंधरा-वीस मिनिटांत स्टॉल उभा राहतो.

- हार आडवे ठेवले तर लांबून दिसत नाहीत. ते स्टँडवर, नजरेच्या उंचीला लावा.
- आरसा हवाच, तोही मोठा. दागिना लावून पाहिल्याशिवाय सहसा कुणी घेत नाही.
- प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा. भाव विचारायला संकोचणारे लोक पुढे निघून जातात.
- टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत सोडा, खाली जादा माल ठेवता येतो.
- लहान आणि महाग वस्तू तुमच्या हाताजवळ ठेवा.
- पक्कड, जादा हुक, एक्स्टेन्शन बोर्ड, पॉवर बँक आणि सुटे पैसे सोबत ठेवा. यूपीआयचा क्यूआर कोड छापून लावा.

कागदपत्रं कोणती?

‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारच्या मदतीने मोफत होते. त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. फक्त वस्तू विकणाऱ्या आणि राज्यातल्या राज्यात विक्री करणाऱ्या व्यावसायिकाला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी साधारणपणे सक्तीची नाही. गोवा किंवा बेळगावला स्टॉल लावणार असाल तर नियम वेगळे आहेत, आधी सीएला विचारा.

प्रदर्शन संपल्यावर

त्याच रात्री तीन गोष्टी लिहून काढा: काय संपलं, कशाला लोकांनी हात लावला पण घेतलं नाही, आणि काय कुणी पाहिलंही नाही. पुढचा माल या यादीवरून बनवा. संक्रांतीला हलव्याचे दागिने, भाद्रपदात गौरीचे दागिने, लग्नसराईत नथी आणि मुंडावळ्या, असा प्रत्येक सणाचा माल वेगळा असतो. तो प्रदर्शनाच्या दोन आठवडे आधी तयार असेल तर शेवटच्या रात्री जागून घाईत बनवलेला, हुक निसटणारा दागिना ग्राहकाच्या हातात जाणार नाही.