आधी अडुसष्ट गावं

तुम्ही आर्णीत उतरता तेव्हा १९ ऑगस्ट २०१७ची संध्याकाळ झालेली असते. पोळा दोन दिवसांवर आलाय. दुकानांपुढे झुली, गोंडे, वेसणी टांगल्यात. पण बैलांच्या साजापेक्षा जास्त गर्दी आज आपले सरकार सेवा केंद्रापुढे आहे. माणसं पायरीवर बसलीत, ओट्यावर बसलीत, काही जण भिंतीला टेकून झोपलेत. पाठीवरची लॅपटॉपची सॅक सावरत तुम्ही रांगेच्या शेवटी उभे राहता. एक म्हातारा सरकून जागा करून देतो.

"लिंक येऊन नाही राह्यली, काकाजी. बसा थोडे," आतून केंद्रावरचा पोरगा सांगतो.

"सकाळपासून बसूनच हावो ना बाबू. बुढीले बी संगं आनलं. तिचा अंगठा तरी घे."

अंगठा घेणं सोपं नाही. निंदण-खुरपणात झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. पोरगा तिचा अंगठा फडक्याने पुसतो, पुन्हा ठेवायला लावतो, दाबतो, पुन्हा पुसतो. तुम्ही त्याच्या खांद्यामागून पडद्याकडे बघता. हे तुमचंच क्षेत्र, त्यामुळे दोन मिनिटांत अंदाज येतो.

२४ जूनला सरकारने कर्जमाफी जाहीर केली आहे: छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. ऑनलाइन अर्ज २४ जुलैपासून सुरू झालेत. म्हणजे जाहीर केल्यापासून अर्ज उघडेपर्यंत एक महिना. एवढ्या अवधीत राज्यभर चालणारी प्रणाली उभी करायची, आणि तिच्या पोटात एक अवघड नियम: मर्यादा कुटुंबाला आहे. नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून दीड लाख. बँकेकडे मात्र कुटुंब नावाची नोंदच नाही, तिच्याकडे आहे खातं. आधार आहे माणसाचं. सातबारा आहे जमिनीचा. या तीन वेगळ्या वह्या जुळवून कुटुंब तयार करायचं काम अर्जावर, म्हणजे शेवटी या पोराच्या टेबलावर येऊन पडलंय. म्हातारीला सोबत आणावं लागलं ते त्यामुळे.

पोराला सगळं ठाऊक आहे. कुठल्या पानावर गाडी अडते, कुणाच्या नावाचं स्पेलिंग बँकेत वेगळं आणि आधारवर वेगळं, रात्री किती वाजल्यानंतर लिंक बरी चालते, हे तो तोंडपाठ सांगतो. तुमच्या पुण्याच्या टीममध्ये असं सांगणाऱ्या माणसाला रोज सकाळच्या स्टँडअपला पहिलं बोलायला लावलं असतं. इथे त्याला विचारणारं कुणी नाही. तो जे जाणतो ते तहसिलीपर्यंतही जात नाही, मुंबई तर लांबच. याच हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावणार आहेत, आणि गावातल्या दवाखान्यात दिसू लागलेली गोष्ट वरपर्यंत पोचायला तिथेही फार उशीर होणार आहे. तुम्हाला हे माहीत आहे. बाहेरच्या रांगेतल्यांना नाही.

दिवस पुढे ढकला. १८ ऑक्टोबर २०१७, नरक चतुर्दशी. तुम्ही मुंबईत आहात, सह्याद्री अतिथीगृहात. कर्जमाफीची पहिली प्रमाणपत्रं वाटली जातायत. दिवाळीआधी द्यायची म्हणून तारीख ठरली आणि तारखेने सगळं काम आपल्यामागे ओढत नेलं. बँकांकडून प्रत्येक खात्याची ६६ रकान्यांची माहिती मागवलेली आहे. ती जिल्ह्याजिल्ह्यातून, शाखाशाखांतून, सोसायट्यांतून आली आहे, आणि एकत्र केल्यावर यादीत अनेक खात्यांपुढे तोच एक आधार क्रमांक दिसतोय. पुढच्या काही दिवसांत याद्या थांबवल्या जातील आणि पुन्हा तपासल्या जातील. गावात 'ग्रीन लिस्ट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी येईल. आपलं नाव हिरव्यात की पिवळ्यात हे विचारायला माणसं बँकेत हेलपाटे घालतील.

एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे: योजना बुडाली नाही. पुढच्या काळात चाळीस लाखांहून अधिक खात्यांना लाभ मिळाला. पण एकाच आधार क्रमांकाची अडचण शेवटच्या आठवड्यापर्यंत लपून राहण्यासारखी नव्हती. शंभर खाती घेऊन सगळी साखळी एकदा शेवटपर्यंत चालवली असती, तर ती पहिल्याच दिवशी पुढे आली असती. मला २०१७ची खरी चूक घाईत दिसत नाही. ती यात दिसते, की आधी सगळे अर्ज, मग सगळी माहिती, मग सगळी छाननी आणि मग सगळं वाटप असं एकेक टप्पा पुरा करत जायचं ठरलं, आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत काहीच खरं ठरलं नाही.

अशा पायऱ्यापायऱ्यांच्या कामाचं पहिलं प्रसिद्ध चित्र बघायला तुम्ही १९७० सालात जाता. विन्स्टन रॉईस नावाचा अमेरिकन अभियंता मोठी सॉफ्टवेअर कशी बांधावीत यावर निबंध लिहितोय. त्यात त्याने उतरत्या पायऱ्या काढल्यात: गरजा, विश्लेषण, आराखडा, कोड, चाचणी, वापर. पुढची तीस वर्षं जग हेच चित्र समोर ठेवून काम करील. पण तुम्ही त्याच्या टेबलाशी वाकून वाचता तेव्हा चित्राच्या लगेच खाली त्यानेच लिहिलेलं असतं, की अशा रीतीने काम केलं तर धोका आहे, कारण चाचणी शेवटी येते आणि तिथे काही चुकीचं निघालं तर मागे जाऊन सगळं बदलावं लागतं. तो इशारा फार थोड्यांनी वाचला. फेब्रुवारी २००१मध्ये यूटामधल्या स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातला गाभा रॉईसच्या त्या काळजीपासून फार लांब नाही: चालणारं काहीतरी लवकर आणि वारंवार लोकांच्या हातात द्या, आणि ते वापरणाऱ्यांचं ऐकून पुढचं ठरवा.

मला मात्र तुम्हाला २०१३च्या हिवाळ्यात, मेरीलँडमधल्या कोलंबिया गावच्या एका खोलीत जास्त वेळ थांबवायचंय. १ ऑक्टोबरला अमेरिकी सरकारने आरोग्य विम्याचं संकेतस्थळ छत्तीस राज्यांसाठी एकदम उघडलं, आणि पहिल्या दिवशी त्यावर सहा माणसांची नोंदणी पुरी झाली. आता बाहेरून आलेली थोडी माणसं ते दुरुस्त करतायत. त्यांतला मायकी डिकरसन गूगलमधून आलाय. रोज सकाळी आणि संध्याकाळी सगळे एका खोलीत जमतात. त्याने भिंतीवर नियम लावलेत. एका नियमाचा आशय असा: इथे ज्याला त्या प्रश्नाचं सगळ्यात जास्त कळतं तो बोलेल, हुद्द्याने मोठा असलेला नाही; आणि कमी माहिती असलेले वरिष्ठ बोलतायत आणि जाणता माणूस गप्प बसलाय असं दिसलं, तर आपण रस्ता चुकलोय. दुसरा नियम: ही खोली प्रश्न सोडवायला आहे, दोष कुणाचा हे ठरवायला नाही.

तुम्ही ते नियम पुन्हा वाचता. आपल्याकडच्या टीममध्येही स्प्रिंट असतात, बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची यादी असते, स्टँडअप असतो, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या असतात. पण रिलीजची तारीख सोडायची का, या प्रश्नावर सगळ्यांच्या नजरा टेबलाच्या एकाच टोकाकडे वळतात. टेस्टिंग करणारी मुलगी म्हणते, डेटा जुळत नाही. तिचं ऐकून रिलीज थांबवता येत असेल तरच बाकीच्या चिठ्ठ्यांना अर्थ आहे.

आता २४ फेब्रुवारी २०२०. महाराष्ट्रात सरकार बदललंय आणि दुसरी कर्जमाफी आलीय: महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत. या वेळचे निर्णय तुम्ही एकामागून एक तपासता. अर्जच नाही, बँका माहिती देतात आणि शेतकऱ्याने फक्त आधार प्रमाणीकरण करायचं. कुटुंब हा निकषही नाही, वैयक्तिक शेतकरी आहे. म्हणजे आर्णीच्या त्या टेबलावर पडलेलं सगळ्यात अवघड काम कुणीतरी योजनेच्या आराखड्यातूनच काढून टाकलंय. काय सोडून द्यायचं हे ठरवण्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही मला टीमच्या कामात दिसत नाही, आणि हे ठरवायला धाडस लागतं.

आज जी यादी लागते ती सगळ्या राज्याची नाही. ६८ गावं, १५,३५८ खाती. यादीत प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक आहे. सेवा केंद्रावर तो टाकला की पडद्यावर तुमचं कर्ज दिसतं. रक्कम मान्य असेल तर अंगठा. मान्य नसेल तर तसं नोंदवायचं, आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाते. २०१७ साली केंद्रावरच्या पोराच्या डोक्यात अडकून राहिलेली माहिती वर जायला या वेळी निदान एक वाट ठेवलीय. चूक निघालीच तर ती १५,३५८ खात्यांत निघेल, लाखोंमध्ये नाही. दुसरी, मोठी यादी २८ फेब्रुवारीला लागते. मधले चार दिवस शिकायला फार कमी, असं तुमच्यातला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणेल, आणि ते खरं आहे. पण चार दिवस नसण्यापेक्षा असलेले बरे, आणि ते मागून घ्यावे लागतात.

मग मार्च येतो. कुणाच्याच बॅकलॉगमध्ये नसलेली टाळेबंदी येते आणि यंत्रावर अंगठा ठेवणंच थांबतं. लाखो खाती प्रमाणीकरणाविना अडकतात. पेरणी जून-जुलैत आहे आणि थकबाकीदाराला बँक नवं पीककर्ज देत नाही. जुन्या आराखड्याला चिकटून बसलं तर खरीप हातचा जाईल. मे महिन्यात शासन बँकांना सांगतं, की या शेतकऱ्यांची रक्कम 'शासनाकडून येणे' अशी दाखवा आणि त्यांना नवं कर्ज द्या. संगणकाची साखळी पूर्ण झालेली नाही, तरी माणसाचं काम पुढे सरकावं म्हणून घेतलेला हा निर्णय आहे, आणि या सगळ्या प्रवासात मला सर्वांत पटलेला.

घाटंजीतल्या बँकेच्या शाखेत तुम्ही तोंडाला रुमाल बांधून रांगेत उभे आहात. पुढच्या बाईने काउंटरवर पासबुक सरकवलंय. मॅनेजर परिपत्रक उलटंपालटं करून बघतोय आणि वरच्या कार्यालयाला फोन लावतोय.

"साहेब, मंग मले बियाण्याले पैसे भेटन का नाही, ते सांगा ना," ती म्हणते, "बाकी ते तुमचं कागदाचं मंग पाहा."